किंमत उतरते, बिल उतरत नाही

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक हिशेब भल्याभल्यांना मोहात पाडतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी साठ लाखांच्या घरात विकली गेलेली मर्सिडीज ई-क्लास किंवा बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज आज वीस लाखांच्या आगेमागे मिळते. जवळपास तेवढ्याच पैशांत ह्युंदाई क्रेटाचे वरचे मॉडेल नवे येते. एका बाजूला सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधीच चार उभ्या असतात तशी पाचवी गाडी. दुसऱ्या बाजूला चामडी सीटा, समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगातही हळू आवाजातल्या गप्पा चालू राहतील असे केबिन आणि बॉनेटवरचा तो तारा. त्यात विकणारा ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त चाळीस हजार चाललेली’ असे सांगू लागला की उरलासुरला विवेकही डळमळतो. मग घेणारा ओळखीपाळखीच्यांना एकच प्रश्न विचारतो : या गाड्या भरवशाच्या असतात का? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. साठ लाखांची गाडी आठ वर्षांत वीस लाखांवर का आली, हे आधी विचारायला हवे. जुन्या गाड्यांचा बाजार भोळा नाही. रोज खरेदी-विक्री करणाऱ्या दलालांना कोणत्या गाडीला कधी काय खर्च निघतो हे तोंडपाठ असते. उडालेल्या चाळीस लाखांतला एक वाटा पहिल्या मालकाने नव्या गाडीच्या हौसेपायी घालवलेला असतो. दुसरा वाटा म्हणजे पुढे येणाऱ्या दुरुस्त्यांचा खर्च, जो बाजाराने किमतीतून आधीच वजा करून टाकलेला असतो. तो प्रत्यक्ष भरायची वेळ येते तेव्हा आरसी बुकावर आपले नाव असते.

भरवशाचा मुद्दा आधी संपवू, कारण त्यात दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढते. २०२४ च्या पाहणीत सर्वसामान्य ब्रँडांच्या वाट्याला १८७ तक्रारी आल्या, तर महागड्या ब्रँडांच्या वाट्याला २३२. जास्त पैसे मोजणाऱ्याला जास्त कटकट, असा निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो, पण थोडे थांबावे लागते. यातल्या बऱ्याच तक्रारी स्क्रीन अडकणे, फोन न जोडला जाणे अशा असतात. त्यांनी गाडी घाटात बंद पडत नाही. शिवाय त्याच यादीत सर्वांत वर लेक्सस होती, १३५ तक्रारी, आणि लेक्ससही महागडीच गाडी. तेव्हा आलिशानपणाचा आणि बेभरवशीपणाचा जन्माचा संबंध नाही. मला या आकड्यांतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १८७ आणि २३२ यांत फरक आहे तो सुमारे पाव पटीचा. वर्कशॉपच्या बिलातला फरक मात्र पाव पटीचा नसतो, तो तिप्पट-चौपट आणि काही बाबतींत दसपट असतो. या गाड्या फार वेळा बिघडतात म्हणून महाग पडत नाहीत. एकदा बिघडली की त्या एका वेळेची किंमत मोठी असते. घेणाऱ्याने त्यामुळे बिघाडांच्या संख्येपेक्षा एका बिघाडाच्या बिलाचा अभ्यास करायला हवा.

हे बिल एवढे का येते याचा एक उलगडा चीनमध्ये २०१४ साली झाला. तिथल्या विमा कंपन्यांच्या आणि वाहनदुरुस्ती व्यवसायाच्या संघटनांनी मिळून अठरा मॉडेलांचा एक साधा हिशेब जाहीर केला : गाडीचा प्रत्येक सुटा भाग कंपनीच्या दराने विकत घेतला तर एकूण किती पैसे लागतील, आणि ती रक्कम तयार गाडीच्या किमतीच्या किती टक्के होईल. सर्वांत खाली ह्युंदाईची एक छोटी गाडी होती, २७२ टक्के. सर्वांत वर होती बीजिंगमध्येच बनणारी मर्सिडीज सी-क्लास, १,२७३ टक्के. म्हणजे सुटे भाग जोडून एक सी-क्लास उभी करायची तर त्या पैशांत शोरूममधून बारा सी-क्लास आल्या असत्या. पुढच्या वर्षी मर्सिडीजला चीनमध्ये विक्रेत्यांवर गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या किमती लादल्याबद्दल ३५ कोटी युआनचा दंड झाला. आपल्याकडेही याच सुमारास, ऑगस्ट २०१४ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. ठपका असा, की अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने या कंपन्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत आणि ग्राहकाला आपल्याच वर्कशॉपशी बांधून ठेवतात. त्या यादीत मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू होत्या, तशा मारुती, टाटा आणि महिंद्रही होत्या. पुढे हे प्रकरण अपिलांत गेले. पण रोग साऱ्या धंद्याचा असला तरी त्याची कळ महागड्या गाडीच्या मालकाला जास्त लागते. मारुतीचा भाग कंपनीने नाही दिला तर पुण्याच्या नाना पेठेत त्याचे चार पर्याय मिळतात. ई-क्लासच्या भागाला तेवढे पर्याय नसतात.

इथे एक शंका येते. मर्सिडीज चाकणला बनते, बीएमडब्ल्यू चेन्नईला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला; मग भाग परदेशी दराने कसे? या कारखान्यांत प्रामुख्याने जोडणी चालते. सुट्या संचांच्या रूपात आणलेल्या गाडीवर तयार गाडीपेक्षा सीमाशुल्क खूपच कमी लागते, आणि म्हणून शोरूममधली किंमत आवाक्यात राहते. त्या संचातला भाग आणि काउंटरवर एकटा विकला जाणारा भाग यांच्या दरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. नवी गाडी विकताना कंपनीला स्पर्धकाची किंमत बघावी लागते. हेडलाइट विकताना स्पर्धकच नसतो. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा खरा. पण मूळ दरच मोठा असेल तर दहा टक्क्यांनी काय साधणार?

आता एक दुरुस्ती जवळून पाहू. मर्सिडीजचे ओएम६४२ हे तीन लिटरचे व्ही-सिक्स डिझेल इंजिन आपल्याकडच्या ई, एस, एमएल, जीएल अशा अनेक गाड्यांत आले. इंजिन दणकट, ताकद भरपूर, काळजी घेतली तर तीन लाख किलोमीटर सहज ओढणारे. या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या उभ्या असतात आणि त्या दोहोंच्या मधल्या खोबणीत, अगदी तळाशी, ऑइल कूलर बसवलेला असतो. कूलर आणि इंजिन यांच्या मध्ये रबरी सील असतात. वर्षानुवर्षे गरम होऊन हे सील कडक पडतात आणि ऑइल झिरपू लागते. ते खोबणीतून मागे वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून खाली टपकते, त्यामुळे नवशिका मेकॅनिक क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले म्हणून चुकीचे निदान करतो आणि त्याचेही पैसे लावतो. खऱ्या दोषी सीलांची किंमत बिलात नजरेतही भरत नाही. पण तिथपर्यंत पोचायचे तर टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड आणि त्यांच्या वरचा सारा पसारा उतरवावा लागतो, आणि कुशल माणसाचेही दोनेक दिवस जातात. एवढे उघडलेच आहे तर ऑइलच्या वाफेने भिजलेली इनटेकच्या झडपांची मोटर बदलावी, टर्बोच्या तोंडाचे सील बदलावे, नवी गॅस्केटे टाकावीत, असे शहाणा मेकॅनिक सुचवतो. त्याचे बरोबरच असते, कारण पुन्हा उघडायचे म्हणजे पुन्हा तीच मजुरी. मूठभर रबरासाठी बिल लाखाच्या दिशेने चालू लागते ते असे. पुढे कंपनीने सीलांचा माल बदलला. सुरुवातीचे नारिंगी रंगाचे सील जाऊन जांभळे, जास्त उष्णता सोसणारे आले. बघायला आलेल्या गाडीत ते बदलले आहेत का, एवढे विचारले तरी समोरच्याला कळते की गिऱ्हाईक कोरे नाही.

बीएमडब्ल्यूच्या एन४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनाची गोष्टही याच जातीची आहे. ३२०डी, ५२०डी, एक्स-वन अशा गाड्यांत ते होते, आणि सुरुवातीच्या काही वर्षांतल्या इंजिनांची टायमिंग चेन झिजण्याबद्दल जगभर बदनाम झाले. चेन झिजणे ही इतर कंपन्यांतही घडणारी गोष्ट. पण इथे ती इंजिनाच्या पुढच्या तोंडाला नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन बदलायची तर आधी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवा. इंजिनिअरांनी हे मूर्खपणाने केले नाही. जागा आणि वजन यांचा समतोल साधायला त्यांच्याकडे कारणे होती. मात्र त्या कारणांच्या यादीत दहा वर्षांनंतरच्या मालकाची सोय वरच्या क्रमांकावर नसावी. कंपनीचे गिऱ्हाईक म्हणजे पहिला मालक, आणि तो बहुधा तीन ते पाच वर्षांत गाडी बदलतो. त्याच्या काळात वॉरंटी असते, सर्व्हिस पॅकेज असते, आणि देखभालीचा खर्च कमी दिसावा म्हणून ऑइल बदलण्याची मुदत लांबवलेली असते. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आज बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांत आहे, आणि तो फार उत्तम आहे. त्याचे ऑइल कधीच बदलावे लागत नाही, असे बीएमडब्ल्यूसारख्या कंपनीने मालकांना सांगितले. तो गिअरबॉक्स स्वतः बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे झाली की ऑइल बदला म्हणते. पहिल्या मालकाने ते बदलले नाही यात त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पण त्या वाचलेल्या खर्चाची पावती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या नावाने फाटते.

‘फक्त चाळीस हजार चाललेली’ या वाक्याकडे आता वळायला हवे, कारण सर्वांत जास्त लोक तिथे फसतात. गाडीतले लोखंड किलोमीटरने झिजते, पण रबर, प्लास्टिक आणि द्रव पदार्थ वर्षांनी झिजतात. आलिशान गाडीत नेमके हेच जास्त असते. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे असतात. उन्हाने आणि वयाने त्यांना बारीक चिरा पडतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, सुरू केल्यावर दोन मिनिटांत वर येते, आणि मालक समजतो सारे ठीक आहे. पण ती वर येते कारण कंप्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ पळतो. असे काही महिने गेले की कंप्रेसर जळतो आणि एका फुग्याचे बिल दुप्पट होते. कूलंटचे प्लास्टिकचे सांधे, इंजिनाच्या माउंटिंगचे रबर, दारांच्या कडांची सीले, सनरूफच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, यांतल्या कशालाही मीटरवरचा आकडा कळत नाही. मे महिन्यातले विदर्भ-मराठवाड्याचे ऊन आणि जूनपासूनची कोकण-मुंबईची दमट हवा मात्र कळते. डिझेल गाडी कमी चालणे तर मुळातच वाईट. धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ ही जाळी स्वतःला साफ करते ती सुमारे ६०० अंशांची उष्णता मिळाल्यावर, आणि त्यासाठी सलग मोकळ्या रस्त्यावर चालावे लागते. दादर ते वांद्रे असे रखडत दवाखाना गाठणाऱ्या डॉक्टरांच्या गाडीला तशी संधी मिळत नाही. काजळी साचत राहते. त्यामुळे आठ वर्षांत पुणे-नाशिक-पुणे करत लाखभर किलोमीटर चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी मी चाळीस हजारवालीच्या आधी बघेन. तो चाळीस हजारांचा आकडा खरा असेलच असेही नाही, मीटर मागे फिरवणे हा जुना उद्योग आहे. सुदैवाने या गाड्यांत किलोमीटरची नोंद अनेकदा इतर कंट्रोल युनिटांतही राहते आणि चांगल्या स्कॅनरवर ती पडताळता येते.

पाण्याची भीती वेगळीच. या गाड्यांची काही इलेक्ट्रॉनिक युनिटे सीटखाली, गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी असतात. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या साध्या गाडीचे गालिचे वाळवून काम भागू शकते, इथे तेवढ्याने भागत नाही. मुंबईत २६ जुलै २००५, चेन्नईत डिसेंबर २०१५, कोल्हापूर-सांगलीत ऑगस्ट २०१९, अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून दुसऱ्या शहरात पुन्हा विक्रीला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आत गुंडाळलेल्या टोकाशी चिखलाची रेघ राहते, ती पुसायचे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांनी तर नियम नीट वाचावेत. साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के. घसारा न कापणारे जास्तीचे संरक्षण साधारणपणे पहिली पाचेक वर्षेच सहज मिळते, आणि पाण्यात इंजिन सुरू करून झालेले नुकसान वेगळे संरक्षण घेतल्याशिवाय भरून मिळत नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नष्ट झाली असे धरतात. वीस लाखांची गाडी, विमा-मूल्य समजा सोळा लाख, तर ही रेषा बारा लाखांवर आली. लाखांतले दोन एलईडी हेडलाइट, रेडिएटरांची रांग, बॉनेट, डॅशबोर्ड आणि एअरबॅगा बदलायच्या झाल्या तर नव्या गाडीत जो अपघात दुरुस्तीचा असतो, तोच जुन्या गाडीत शेवटचा ठरतो. गाडीची किंमत पडत जाते, हेडलाइटची पडत नाही, आणि कधीतरी या दोन रेषा एकमेकींना छेदतात.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की हा सगळा हिशेब कंपनीच्या वर्कशॉपचा झाला. बाहेर अर्ध्यात काम होते. यात बरेच तथ्य आहे. गाडी बनवणारी कंपनी ब्रेकपॅड, फिल्टर, सेन्सर, सस्पेन्शनचे सांधे स्वतः घडवत नाही. ते बॉश, माहले, मान, लेमफर्डर यांच्याकडून येतात, आणि तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात, मर्सिडीजच्या किंवा बीएमडब्ल्यूच्या शिक्क्याशिवाय, बऱ्याच कमी दराने मिळतो. मुंबई-पुण्यात केवळ जर्मन गाड्यांवर काम करणारे, कंपनीतून अनुभव घेऊन बाहेर पडलेले चांगले मेकॅनिकही आहेत. दहा वर्षांची गाडी कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये नेत राहणे हा मला तरी हट्ट वाटतो. पण या वाटेलाही मर्यादा आहेत. भाग बसवला की काम संपले, असे आता राहिलेले नाही. अनेक युनिटे गाडीच्या क्रमांकाशी जुळवून द्यावी लागतात, आणि त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. ऑडीच्या एका गाडीतले जुने युनिट दुसरीत बसवले तर ते नीट चालायलाच नकार देते. चोरी रोखण्यासाठी केलेली ही सोय प्रामाणिक मालकालाही आडवी येते. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारातून आणलेला दरवाजा किंवा बंपर चालून जाईल; गिअरबॉक्सचे कंट्रोल युनिट चालेलच असे नाही. आणि चांगला बाहेरचा मेकॅनिक मोठ्या शहरांत सापडतो. सोलापूर, अकोला, लातूरच्या मालकाला कित्येकदा गाडी टो करून पुण्याला किंवा नागपूरला न्यावी लागते, आणि सुटा भाग येईपर्यंत ती तिथेच पडून राहते. त्या दिवसांत वापरायला घरात दुसरी गाडी नसेल तर हा खर्चही धरावाच लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कितीही दुरुस्त्या निघाल्या तरी नव्या गाडीच्या घसाऱ्यापेक्षा त्या स्वस्तच पडतात, असे म्हणणारे चुकत नाहीत. नमुन्यादाखल आकडे मांडू. साठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांत अठ्ठावीस लाखांवर येते असे धरले तर मालकाचे बत्तीस लाख गेले. तीच जुनी गाडी वीस लाखांना घेतली, पाच वर्षांनी नऊ लाखांना विकली आणि मधल्या काळात वर्षाला दोन लाख दुरुस्तीवर घातले, तर एकवीस लाख गेले. जुनी गाडी घेणारा अकरा लाखांनी सुखी. हिशेब बरोबर आहे, पण तुलना चुकीची आहे. वीस लाख घेऊन बाजारात आलेला माणूस साठ लाखांची नवी गाडी घेणारच नव्हता, त्याच्यासमोर दुसरा पर्याय होता तो वीस लाखांच्या नव्या गाडीचा. ती पाच वर्षांनी साडेअकरा लाखांना विकली गेली आणि सर्व्हिसला दीड लाख लागले असे धरले, तर त्याचे दहा लाख गेले असते. म्हणजे चैनीची किंमत आणखी अकरा लाख. ती द्यायला हरकत नाही. त्या गाडीच्या सुखाला मोल आहे आणि ज्याने त्याने ते आपापल्या खिशाप्रमाणे ठरवावे. फक्त आपण पैसे वाचवले, अशी समजूत करून घेऊ नये.

शिवाय हे दोन खर्च सारख्या चालीने येत नाहीत. घसारा रोज थोडाथोडा, न दिसता होतो आणि विकताना एकदाच बोचतो. दुरुस्ती सांगून येत नाही आणि हप्त्याने येत नाही. वर्षाला दोन लाख ही सरासरी झाली. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षे ऑइल आणि टायर यांवर निभावतात आणि तिसऱ्या वर्षी गिअरबॉक्स पाच-सहा लाख मागतो. तेवढे जवळ नसले की मालक अर्धवट दुरुस्ती करून घेतो, डॅशबोर्डवरचा दिवा स्कॅनरने तात्पुरता घालवतो आणि गाडी विकायला काढतो. बाजारात दिसणाऱ्या स्वस्त आलिशान गाड्यांचा मोठा भाग असा अडलेल्या मालकांकडून आलेला असतो. दुसऱ्या मालकापेक्षा चौथ्या मालकाची गाडी म्हणून जास्त धोक्याची : प्रत्येक हातबदलात किंमत उतरली, घेणाऱ्याची ऐपतही उतरत गेली, आणि देखभाल तिच्या मागोमाग उतरली. कर्ज काढून वीस लाखांची जर्मन गाडी घेणे याच कारणासाठी मला वेडेपणाचे वाटते. हत्ती विकत घेता येतो, पण त्याचा चारा उधारीवर आणता येत नाही.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांबद्दल थोडे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुढे अंमलबजावणीत चढउतार झाले, पण त्या भीतीने तिथे सात-आठ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्यांचे भाव कोसळले आणि त्या इतर राज्यांत जाऊ लागल्या. महाराष्ट्रात अशी गाडी कायमची वापरायची तर ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि पुन्हा रोड टॅक्स हे ओघाने आलेच. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण तो मोजायला सुरुवात होते मूळ किमतीपासून, आपण दिलेल्या पैशांपासून नव्हे. करोल बागेत वाचवलेले दोन-तीन लाख इथल्या आरटीओच्या खिडकीवर जाऊ शकतात.

मग कुणीच घेऊ नये का? असे माझे म्हणणे नाही. तीन-चार वर्षांची, मोठा घसारा होऊन गेलेली, कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या दालनातून वॉरंटीसह मिळणारी गाडी हा शहाणा सौदा असू शकतो. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी तिघींचीही अशी दालने आहेत. तिथे दोन-तीन लाख जास्त जातात, पण गिअरबॉक्सची चिंता काही काळ दुसऱ्याच्या डोक्यावर राहते. जास्त जुनी घ्यायची तर ब्रँडऐवजी इंजिन आणि गिअरबॉक्स निवडावा. एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन निर्धास्त आणि दुसरे डोकेदुखी असते. लोखंडी स्प्रिंगचे सस्पेन्शन, कमी मोटारी, साधे हेडलाइट असलेली खालच्या दर्जाची आवृत्ती दहाव्या वर्षी वरच्या दर्जाच्या आवृत्तीपेक्षा सुखाने चालते, हे विकणारा कधी सांगणार नाही. लेक्ससची हायब्रिड ईएस ३००एच या साऱ्या चर्चेला बराचसा अपवाद आहे. तिची यंत्रणा टोयोटाच्या कॅमरीची सख्खी बहीण आहे, म्हणूनच तिची जुनी किंमतही फारशी पडत नाही. बाजाराला ठाऊक असते, असे वर म्हटले ते याच अर्थाने.

गाडी मनात भरलीच असेल तर सौदा ठरण्याआधी इतके करा. ‘वाहन’ संकेतस्थळावर मालक किती झाले आणि कर्जाचा बोजा आहे का ते बघा. चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास मागवा. विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, तुमच्या पसंतीच्या मेकॅनिककडे गाडी थंड असताना नेऊन, लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून तपासा. त्याला द्यावे लागणारे काही हजार रुपये या साऱ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च आहे. गाडीच्या किमतीच्या निदान पाव रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत नसेल तर वीस लाखांची गाडी आपल्या ऐपतीत बसत नाही असे समजा. आणि मालकाने किंवा दलालाने तपासणीला नकार दिला, तर टोकन परत मागून घ्या आणि तिथून निघा.